‘वाघ असावा’ आणि ‘वाघ आहे’ : ध्वनियंत्रांच्या परीक्षणांतील साक्ष व हितसंबंध

चंद्रपूरहून ताडोबाकडे जाताना इरई जलाशयाच्या बाजूला लागणारे मोहर्ली हे गाव व्याघ्रप्रकल्पाचे बहुपरिचित प्रवेशद्वार आहे. तेथून आत जाणाऱ्या प्रत्येक जिप्सीत एक गाइड असतो, आणि तो बहुधा परिसरातील गावांचाच रहिवासी असतो. तेलिया तलावाच्या किंवा जामुनबोडीच्या अंगाने एखादी ओरड ऐकू आली की गाडी थांबते, इंजिन बंद होते, आणि सर्वांचे कान त्या दिशेला लागतात. त्या क्षणी गाइडच्या मुखातून निघणारी वाक्ये भाषेच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक ऐकण्याजोगी असतात. ‘सांबर ओरडले’ हे एक वाक्य. ‘वाघ असावा’ हे दुसरे. ‘सकाळी पाण्यावर बसला होता म्हणे’ हे तिसरे. पहिल्या वाक्यात बोलणाऱ्याच्या स्वतःच्या कानांची साक्ष आहे; दुसऱ्यात त्या साक्षीवरून काढलेला तर्क आहे; तिसऱ्यात परक्याचे बोलणे आहे, आणि ते परक्याचे आहे ही गोष्ट केवळ ‘म्हणे’ या दोन अक्षरांनी नोंदविली आहे. ज्ञान कोणत्या मार्गाने आले हे क्रियापदाच्या रूपातून आणि एखाद्या अव्ययातून सांगण्याची ही सोय मराठीत किती सहज उपलब्ध आहे, याकडे आपल्या व्याकरणकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘असावा’ हे रूप विध्यर्थात घालून त्याचा एक अर्थ ‘तर्क’ म्हणून नोंदविला जातो, इतके तरी बरे. ‘म्हणे’ची अवस्था याहून केविलवाणी आहे. शालेय व्याकरणांत त्याला ‘बापडा’ आणि ‘बेटे’ यांच्या पंक्तीला बसवून ‘व्यर्थ उद्गारवाची’ ठरविण्यात येते. ज्या शब्दावर साक्षीचा सारा भार, तोच व्यर्थ !

गाइडला आणखी एक वाक्य उपलब्ध असते : ‘वाघ आहे.’ वाघ दिसत नसताना हे वाक्य उच्चारण्याचा मोह मोठा असतो. पर्यटक दुरून, पैसे मोजून आलेला असतो. त्याची उमेद टिकवून धरणे हा गाइडच्या कामाचाच भाग असतो. शेवटी मिळणारी बक्षिशीही त्या उमेदीवर अवलंबून असते. ‘असावा’चा ‘आहे’ झाला म्हणजे कोणी खोटे बोलले असे सहसा म्हणता येत नाही, कारण वाघ तेथे असूही शकतो. बदलते ती वाक्याची प्रतिज्ञा. वस्तुस्थिती होती तेथेच राहते.

जंगलात वावरणारी माणसे ओरडणाऱ्या प्राण्यांमध्येही साक्षीदार म्हणून भेद करतात. चितळ थोड्याशा संशयानेही ओरडते, सांबराची पुन्हा पुन्हा येणारी ओरड त्याहून भरवशाची, असे तेथे मानले जाते. या भेदातील एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पर्यटकाकडून सांबराला काही मिळवावयाचे नसते हे खरे. परंतु चितळालाही नसते. दोघेही सारखेच निःस्पृह, तरीही दोघांची साक्ष सारख्या तोलाची नाही. निःस्पृहता आणि विश्वासार्हता या एकच गोष्टी आहेत हे गृहीत धरून परीक्षणांविषयी जे लिहिले व बोलले जाते, त्याचा फेरविचार येथून सुरू करणे इष्ट होईल.

हा फेरविचार करण्यास हाय-फाय म्हणजे उच्च दर्जाच्या ध्वनियंत्रांचे परीक्षण हे क्षेत्र विशेष सोयीचे आहे. लाउडस्पीकर, अँप्लिफायर, तबकडी वाजविणारी यंत्रे यांची परीक्षणे करणारा लेखक एका खोलीत बसून जे ऐकतो, ते वाचकाला ऐकू येत नाही. पुस्तकाच्या परीक्षणात निदान उतारा देता येतो. ध्वनीचा उतारा छापता येत नाही. वाचकाच्या हाती उरतात ते केवळ शब्द, आणि त्या शब्दांवर विसंबून तो मोठी रक्कम खर्च करतो. दुसरीकडे परीक्षकाचे निर्मात्याशी असलेले संबंधही उघड व दाट असतात. यंत्र निर्माताच पाठवितो, आणि ते निवडून पाठविण्याची मुभा त्यालाच असते. ते कित्येक महिने परीक्षकाच्या घरी उसने राहते. पुढे ते विकत घ्यावयाचे झाल्यास परीक्षकाला बाजारभावाहून पुष्कळ कमी किमतीत मिळण्याची प्रथा आहे. ज्या अंकात परीक्षण येते त्याच अंकात त्या निर्मात्याची जाहिरात असते. यांपैकी एकही व्यवहार लाच या शब्दात बसत नाही, आणि म्हणूनच त्यांची चिकित्सा अवघड होते.

या क्षेत्राचा इतिहास म्हणजे या दुखण्यावरील उपायांचा इतिहास होय. जे. गॉर्डन होल्ट हे अमेरिकेतील ‘हाय फिडेलिटी’ या मासिकात काम करीत होते. जाहिरातदारांच्या मालाविषयी प्रतिकूल लिहिता येत नाही याचा त्यांना वीट आला, आणि १९६२ साली त्यांनी ‘स्टीरिओफाइल’ हे आपले स्वतंत्र नियतकालिक काढले. आरंभी त्यात जाहिराती नव्हत्या. १९७३ साली हॅरी पिअरसन यांनी काढलेल्या ‘अॅब्सोल्यूट साउंड’चाही बाणा तोच होता. कालांतराने दोन्ही नियतकालिकांत जाहिराती आल्या. वर्गणीदारांच्या बळावर एवढा खर्चिक व्यवसाय फार काळ चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यात कोणाचे अधःपतन शोधण्याचे कारण नाही.

होल्ट यांचे खरे कार्य जाहिराती नाकारण्यात नाही. कानाला जे जाणवते ते सांगण्यासाठी त्यांनी शब्दांचा एक संच रूढ केला आणि पुढे त्याचा कोशही सिद्ध केला. ध्वनी ‘उबदार’ आहे, ‘कोरडा’ आहे, ‘पारदर्शक’ आहे, ‘धान्यासारखा कणीदार’ आहे, या धर्तीचे ते शब्द. स्पर्श, दृष्टी व चव यांच्या प्रांतांतून ते उसने आणलेले आहेत यात वावगे काही नाही. गोलाई, धार, घुमारा, आस हे आपल्याकडचे शब्दही तसेच आलेले आहेत. प्रश्न उसनवारीचा नसून शब्दामागे काही खूण उरते की नाही, हा आहे. तंबोऱ्याची ‘जवारी’ घ्या. हा शब्द एका नादगुणाचा वाचक आहे, पण घोडीवर तारेखाली सरकविला जाणारा सुताचा दोरा कोठे ठेवला म्हणजे तो नाद उघडतो आणि कोठे ठेवला म्हणजे मिटतो, हे मिरजेचा कारागीर हाताने दाखवू शकतो. शब्दाच्या अर्थाविषयी वाद झाला तर तो मिटविण्याचे साधन शब्दाजवळच आहे. होल्ट यांच्या कोशाचा हेतूही असाच काही करार घडवून आणण्याचा होता. परंतु पुढील परीक्षकांच्या हाती हे शब्द सुटे झाले. ‘संगीताच्या अंतरंगाला भिडणारा’, ‘पडदे बाजूला सारणारा’ अशा विशेषणांना विरोधी शब्दच नाही, आणि ज्या विशेषणाला विरोधी शब्द नाही ते काहीच सांगत नाही.

याचा परिणाम विधानाच्या रूपावर झालेला दिसतो. या परीक्षणांतील वाक्ये बहुशः ‘आहे’ या क्रियापदाने संपतात. ‘मला असे ऐकू आले’, ‘त्या खोलीत असे वाटले’, ‘निर्मात्याचे म्हणणे असे’ हे तीन प्रकार एकाच सपाट वर्तमानकाळात विरघळून जातात. निर्मात्याने पाठविलेल्या माहितीपत्रातील वाक्य आणि परीक्षकाच्या कानांनी दिलेले वाक्य यांच्यामधला ‘म्हणे’ गळून पडतो. हितसंबंधाचा पहिला बळी निष्कर्ष नसतो. साक्षीची खूण असते. परीक्षक प्रामाणिकपणे स्तुती करीत असेल, किंबहुना बहुतेक परीक्षक तशीच करतात. पण ज्याच्याशी पुन्हा व्यवहार करावयाचा आहे त्याच्याविषयी लिहिताना, खोडता येईल असे वाक्य टाळून खोडता येणार नाही असे वाक्य पसंत करण्याकडे लेखणीचा कल होतो. हा कल लेखकाला स्वतःलाही जाणवत नाही.

आणि कान तरी कितपत निर्लेप असतो ? फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. त्याच श्रोत्यांनी तेच लाउडस्पीकर एकदा पडद्याआडून ऐकले आणि एकदा डोळ्यांसमोर ठेवून ऐकले. दिसताच गुण बदलले. आकार, रूप आणि निर्मात्याचे नाव यांचे वजन कानावर पडले. श्रोते ज्या कंपनीत नोकरीस होते तिचाच काही माल त्यांत होता, ही बाबही ध्यानात घेण्यासारखी आहे. कोणी त्यांना पैसे चारले नव्हते. पाहणे पुरेसे झाले.

एवढे झाल्यावर निःस्पृह परीक्षकाचे काय होते तेही पाहिले पाहिजे. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यायालयात सापडते. अमेरिकेतील कन्झ्यूमर्स युनियन ही १९३६ साली स्थापन झालेली संस्था आपल्या मासिकात बाहेरची जाहिरात घेत नाही आणि परीक्षणाची वस्तू दुकानातून दाम मोजून विकत घेते. हितसंबंध टाळण्याची याहून कडक शिस्त कल्पिणे कठीण. मे १९७० च्या अंकात तिने बोस कंपनीच्या ‘९०१’ या लाउडस्पीकरचे परीक्षण केले. या कंपनीचे संस्थापक अमर बोस हे बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या एका देशभक्ताचे चिरंजीव आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील प्राध्यापक. त्यांच्या या यंत्रातील नऊ घटकांपैकी आठ मागच्या भिंतीकडे तोंड करून बसविलेले होते. म्हणजे श्रोत्याला बराचसा ध्वनी भिंतीवरून उलटून येऊन मिळावा अशी योजना होती. परीक्षकांना त्यात वाद्ये अवाढव्य झाल्यासारखी वाटली, आणि ती खोलीभर भटकण्याकडे झुकतात असे मासिकात छापले गेले. बोस कंपनीने दावा लावला.

खटला चौदा वर्षांच्या अंतराने संपला, पण भाषाभ्यासकाचे कुतूहल खालच्या न्यायालयातच जागे होते. साक्षीच्या वेळी त्या परीक्षकाने स्पष्टीकरण दिले की वाद्ये दोन लाउडस्पीकरांच्या दरम्यान भिंतीच्या कडेने सरकल्यासारखी ऐकू आली होती. छापले होते ते मात्र खोलीभर भटकण्याविषयी. ‘खोलीभर’ आणि ‘भिंतीच्या कडेने’ या दोन क्रियाविशेषणांतील अंतरावर न्यायाधीशांनी १९८१ साली निकाल दिला : विधान असत्य आहे, आणि लिहिणाऱ्याला ते असत्य असल्याचे ठाऊक असले पाहिजे, कारण एवढ्या बुद्धिमान माणसाला शब्दांचा नेहमीचा अर्थ कळत नव्हता असे मानता येत नाही. वरिष्ठ न्यायालयाने १९८२ मध्ये हा निकाल फिरविला, आणि ३० एप्रिल १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी संस्थेच्या बाजूने शिक्कामोर्तब केले. ऐकलेला अनुभव शब्दांत उतरविताना शब्दाची निवड चुकणे म्हणजे जाणूनबुजून खोटे बोलणे नव्हे, हा त्याचा आशय.

या खटल्याकडे वृत्तस्वातंत्र्याच्या दृष्टीने पुष्कळांनी पाहिले आहे. परीक्षणाच्या भाषेच्या दृष्टीने त्यात एक विपरीत गोष्ट आहे. संस्थेवर दावा होऊ शकला तो तिचे वाक्य तपासण्याजोगे होते म्हणून. वाद्याचा भास कोठून कोठे सरकतो हे कोणीही दुसरा श्रोता त्याच खोलीत बसून पडताळू शकला असता. त्याऐवजी ‘या यंत्रात संगीताचा आत्मा हरवतो’ असे लिहिले असते तर बोस कंपनीला चडफडण्यापलीकडे काही करता आले नसते. म्हणजे कायद्याचा बडगा नेमका प्रामाणिक वाक्यरचनेवर पडतो, आणि गुळगुळीत वाक्य सुखरूप राहते. निःस्पृह परीक्षक चुकला हेही विसरून चालणार नाही. क्रियाविशेषणाच्या बाबतीत तो नक्कीच निष्काळजी होता. पण त्याची चूक कळली. ज्यांची चूक कधीच कळणार नाही अशी परीक्षणे याहून अधिक विश्वसनीय कशी मानावयाची ?

भारतात हा प्रश्न सध्या प्रकटीकरणाच्या नियमांनी सोडविण्याचा प्रयत्न होत आहे. मुंबईतील जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली समाजमाध्यमांतील शिफारसकर्त्यांसाठी नियम केले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी, शिफारस करणाऱ्याचा व्यापाऱ्याशी असलेला महत्त्वाचा संबंध उघड करणे बंधनकारक केले. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने ग्राहकांच्या परीक्षणांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक प्रसिद्ध केले. लाउडस्पीकर असो वा मोहर्लीच्या प्रवेशद्वाराजवळील एखादे निवासस्थान असो, फुकट उपभोगलेल्या वस्तूविषयी लिहिणाऱ्याने तसे सांगावे, हे योग्यच आहे. तथापि प्रकटीकरण वाक्यात घडत नाही. ते वाक्याच्या शेजारी चिकटविले जाते. ‘हे यंत्र निर्मात्याने दिले आहे’ असे आरंभी सांगून पुढील चार पाने ‘आहे’, ‘आहे’ करीत लिहिता येतात. वाचकाला संशय मिळतो, तपासण्याचे साधन मिळत नाही.

साधन दिल्याने काय होते याचा धडा ताडोबाच्या जंगलातच गिरविला गेला आहे. पूर्वी व्याघ्रगणना पंजाच्या ठशांवरून होत असे. ठसे ओळखणारे वनकर्मचारीच वाघांच्या रक्षणास जबाबदार होते; संख्या घटली तर जाब त्यांनाच विचारला जाणार. त्यांपैकी कित्येकांची नजर तयारीची होती यात शंका नाही, पण ती नजर दुसऱ्याला उसनी देता येत नव्हती. राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये उघड झाल्यावर ही पद्धत मोडीत निघाली, आणि २००६ च्या देशव्यापी गणनेपासून स्वयंचलित कॅमेऱ्यांची छायाचित्रे व त्यांवरील गणित यांचा आधार घेण्यात आला. वनकर्मचारी आजही या कामात असतातच. त्यांचा हितसंबंध नाहीसा झालेला नाही. फरक इतकाच की पट्ट्यांचे छायाचित्र दुसऱ्या कोणालाही शेजारी ठेवून पाहता येते.

मराठीत ऐकण्याचे परीक्षण अधिक गंभीरपणे झाले ते यंत्रांचे नव्हे, गायकांचे. तेथे हितसंबंधाचा प्रश्न आणखी चिवट आहे. केशवराव भोळे (१८९६–१९६७) यांनी ‘एकलव्य’ आणि ‘शुद्ध सारंग’ या टोपणनावांनी समकालीन गायकांची चिकित्सा केली. ते स्वतः संगीतदिग्दर्शक होते. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचे आणि १९३६ च्या ‘संत तुकाराम’ या बोलपटाचे संगीत त्यांचेच. ज्योत्स्नाबाई भोळे या त्यांच्या पत्नी. आजच्या कसोटीने पाहिले तर टोपणनाव हे प्रकटीकरणाच्या अगदी उलटे टोक ठरेल. त्या काळी मात्र मैफलीत रोज भेटणाऱ्या माणसाविषयी मोकळेपणे लिहिण्याची तीच एक वाट होती. नाव लपविल्याने हितसंबंध लपला हे खरे. नाव उघड असते तर कदाचित लेखच लिहिला गेला नसता, हेही तितकेच खरे.

वामनराव देशपांडे (१९०७–१९९०) यांची गोष्ट याहून उद्बोधक आहे. ते व्यवसायाने सनदी लेखापाल. ‘परीक्षण’ हा शब्द मराठीत हिशेबालाही लागतो आणि कलेलाही, परंतु दोहोंचे कायदे निराळे. १९५६ च्या कंपनी कायद्यानुसार कंपनीचा अधिकारी वा नोकर तिचा लेखापरीक्षक होऊ शकत नव्हता. २०१३ च्या कायद्याने ही अपात्रता नातेवाइकांच्या हितसंबंधांपर्यंत नेली. या शिस्तीत आयुष्य घालविलेल्या गृहस्थाने १९६१ साली ‘घरंदाज गायकी’ हा ग्रंथ लिहिला आणि त्यात सर्व घराण्यांचा ताळेबंद मांडला. स्वर आणि लय ही दोन टोके कल्पून किराणा घराणे स्वराच्या टोकाशी, आग्रा घराणे लयीच्या टोकाशी, आणि दोहोंचा समतोल साधणारे जयपूर घराणे मध्यावर, अशी त्याची मांडणी. वामनराव स्वतः मोगूबाई कुर्डीकर यांचे, म्हणजे जयपूर घराण्याचेच शिष्य. लेखापरीक्षक म्हणून ते पहिल्याच पायरीवर अपात्र ठरले असते.

आक्षेप कोणाच्याही मनात सहज येईल असा आहे, आणि तो निराधार नाही. समतोल हाच सर्वश्रेष्ठ गुण का, हे ग्रंथात सिद्ध होत नाही. ते गृहीत धरले जाते, आणि ते गृहीतक शिष्याच्या सोयीचे आहे. परंतु तालमीशिवाय जयपूर गायकीतील लयीचे बारकावे ऐकू येतात काय ? कंपनीचे हिशेब त्रयस्थाला वाचता येतात. घराण्याची गायकी त्रयस्थाला पुष्कळदा ऐकूच येत नाही. ‘अभिप्राय’ या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ हेतू किंवा आशय असा आहे, आणि मराठीत तो ‘मत’ या अर्थाला येऊन स्थिरावला. हेतू नसलेले मत या शब्दाच्या पोटात कधी नव्हतेच. वामनरावांनी आपले शिष्यत्व लपविले नाही, एवढ्याने त्यांचा ग्रंथ विश्वासार्ह होत नाही. तो होतो तो त्याच्या विधानांच्या रूपामुळे. किराण्यात लय मागे पडते असे ते म्हणतात तेव्हा अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका लावून ते म्हणणे पडताळता येते. आग्ऱ्याविषयीचे विधान फैयाज खाँ यांच्या मुद्रणाशी, जयपूरविषयीचे केसरबाई केरकर यांच्या मुद्रणाशी ताडून पाहता येते. आणि पाहणाऱ्याला वामनरावांची श्रेणी उलटी मांडावीशी वाटली, तर त्यांच्याच दोन टोकांचा उपयोग करून ती मांडता येते. किराण्याचा अभिमानी वाचक स्वराला मध्यावर आणून बसवील आणि ‘घरंदाज गायकी’चीच परिभाषा वापरून वामनरावांशी भांडेल. हाय-फाय परीक्षणांच्या वाचकाला असे भांडण करण्याची सोय अद्याप मिळालेली नाही.